सहा खणांच्या जुन्या सभागृहात छोटे चित्रपटगृह करता येईल का?

मासुंदा

सर्वांना नमस्कार. ठाण्यात जांभळी नाक्याच्या मागच्या वस्तीत आमच्या विश्वस्त मंडळाच्या मालकीचे एक जुने सभागृह आहे. त्याला सुमारे शंभर वर्षे झाली आहेत. तिथे व्याख्याने झाली, कीर्तने झाली, लग्नाच्या पंगती उठल्या, पुढे काही वर्षे शिवणवर्ग चालला आणि गेली सहा वर्षे दाराला कुलूप आहे. मंडळापुढे सध्या दोन प्रस्ताव आहेत. इमारत पाडून त्या जागी मजले चढवावेत हा पहिला आणि दालन फर्निचरच्या गोदामासाठी भाड्याने द्यावे हा दुसरा. मी तिसरा प्रस्ताव मांडला आहे: तिथे सुमारे १२० खुर्च्यांचे एक चांगले चित्रपटगृह करावे, कारण मराठी चित्रपटांना आणि जगभरच्या गंभीर चित्रपटांना आपल्या शहरात सोयीच्या वेळेचा खेळ क्वचितच मिळतो. पुढच्या बैठकीपर्यंत मला तो कागदावर नीट मांडायचा आहे.

दालन आतून ६० फूट लांब आणि ३० फूट रुंद आहे. भिंती चुन्यातल्या विटांच्या असून १८ इंच जाड आहेत. वर सागवानी कैच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी), रिपा आणि मंगळुरी कौले आहेत, खाली शहाबादी फरशी आहे. कैच्यांमुळे दालनाचे सहा खण पडतात आणि प्रत्येक खणाला दोन्ही बाजूंनी एकेक उंच खिडकी आहे. भिंतीची उंची १६ फूट आणि आढ्यापर्यंतची सुमारे २६ फूट भरते. पुढे पडवी आहे.

एका कंत्राटदाराने पाहणी करून सांगितले की भिंतींना सिमेंटचा गिलावा करू, त्यावर फोम चिकटवू आणि कैच्यांना लोखंडी सळ्या अडकवून खाली पीओपीचे छत टांगू. ते ऐकून माझ्या काळजात धस्स झाले, परंतु त्यात नेमके काय चुकते हे मला मंडळाला पटवून देता आले नाही. टाळी वाजवली तर आवाज दालनात बराच वेळ फिरत राहतो आणि पावसाळ्यात कौलांखाली शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही, हेही खरे आहे. अशा वास्तूत आजच्या दर्जाचे चित्रपटगृह बसवताना सुरुवात कुठून करावी?

चुनेगच्ची

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून आधी भिंतींविषयी लिहितो. चुन्यातली भिंत जोत्यातून आणि पावसातून ओल घेते आणि उन्हाळ्यात ती सोडते. शंभर वर्षे ती याच बळावर उभी आहे. सिमेंटचा गिलावा केला की ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते, ती भिंतीतच वर चढते, विटांचे पापुद्रे सुटू लागतात आणि भिंतीत रुतलेली लाकडाची टोके कुजतात, म्हणजे नेमक्या त्या जागा जिथे कैच्या टेकलेल्या आहेत. छत टांगण्याबाबत बोलायचे तर त्या कैच्या कौलांचे ओझे पेलण्यासाठी केल्या होत्या. रिपांसह मंगळुरी कौलांचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो धरतात. त्यात छत, वातानुकूलनाच्या नळ्या आणि स्पीकर यांची भर घालण्यापूर्वी एकेका सांध्याची तपासणी करावी लागेल, आणि माझ्या मते ती भर घालूच नये.

आता तुमच्या टाळीकडे येतो. दालनाचे घनफळ सुमारे १,०५० घनमीटर होते. गिलावा, फरशी आणि लाकूड हे सगळे मिळून आवाज शोषणारे क्षेत्र जेमतेम ४५ चौरस मीटर धरता येईल. सबाईनच्या सूत्राने घनफळाला ०.१६१ ने गुणून या क्षेत्राने भागले की नादकाळ, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, पावणेचार सेकंदांच्या आसपास येतो. भजनाला हा नाद शोभून दिसतो. चित्रपटात मात्र एक शब्द विरायच्या आत पुढचे चार येतात, म्हणून तिथे सुमारे अर्धा सेकंद हवा. या संपूर्ण घनफळात अर्धा सेकंद साधायचा तर जवळजवळ ३४० चौरस मीटर शोषण लागेल, म्हणजे भिंती आणि छप्पर बहुतेक सगळे झाकावे लागेल.

म्हणून माझा सल्ला असा की भिंतींना हातच लावू नये. दालनाच्या आत स्वतःच्या पोलादी चौकटीवर उभी राहणारी एक वेगळी खोली बांधावी. तिची चौकट रबरी गाद्यांवर टेकवावी आणि तिने जुन्या भिंतींना, कैच्यांना किंवा खिडक्यांना कुठेही स्पर्श करू नये. खोलीच्या भिंती जिप्सम बोर्डाच्या दोन थरांच्या कराव्यात, त्यांच्या आत रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, भरावे आणि छतही त्याच चौकटीवर १५ फुटांवर पेलावे. जुनी भिंत आणि नवी भिंत यांच्यात सुमारे २० सेंटिमीटरची पोकळी राहील. या पोकळीला खाली-वर झडपा ठेवाव्यात, म्हणजे चुना श्वास घेत राहील, आणि काही फळ्या काढता येतील अशा बसवाव्यात, म्हणजे दरवर्षी वाळवीची तपासणी होईल. आतल्या खोलीचे घनफळ ६७० घनमीटरच्या जवळ येते, त्यामुळे शोषणाची गरज २१५ चौरस मीटरच्या आसपास उतरते. भरलेल्या गादीदार खुर्च्या दर माणशी अर्धा चौरस मीटर शोषतात, तेही हिशेबात धरा. उद्या कोणाला हे चित्रपटगृह नको झाले तर सगळी खोली नटबोल्ट सोडून बाहेर नेता येईल आणि दालन जसेच्या तसे हाती येईल.

एक बारकावा आवर्जून सांगतो, कारण तो चुकताना मी अनेकदा पाहिला आहे. थंड देशांतल्या पुस्तकांत बाष्परोधक पडदा इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला लावायला सांगतात. ठाण्याच्या हवेत तो बाहेरच्या बाजूला हवा. आतली खोली २४ अंशांवर थंड असेल आणि पोकळीत जुलैची दमट हवा असेल. ती हवा रॉकवूलमध्ये शिरली तर थंड बोर्डाच्या पाठीवर पाणी होऊन बसेल आणि दोन पावसाळ्यांत बुरशीचा वास सुटेल.

पावसाच्या आवाजाचे उत्तरही याच दुहेरी रचनेत आहे. १८ इंची भिंतीतून बाहेरचा आवाज फारसा येत नाही. तो खिडक्यांतून, दारांतून आणि सर्वांत जास्त कौलांतून येतो. कौले आणि आतले छत यांच्यामध्ये दहा फुटांपर्यंतची पोकळी राहिली की पावसाचा मारा बराच दबेल. पार्श्वभूमीचा आवाज एनसी (रिकाम्या खोलीतला आवाज मोजण्याची श्रेणी) २५ ते ३० यांच्या दरम्यान ठेवावा, असा चित्रपटगृहांसाठी सामान्य निकष आहे. वातानुकूलनाची हवा रुंद नळ्यांतून संथ गतीने सोडली नाही, तर पाऊस थांबूनही हा आकडा गाठता येणार नाही.

मागची_ओळ

मी एकपडदा चित्रपटगृहांच्या बूथमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीत, बत्तीस वर्षे काढली, आधी कार्बन आर्कच्या दिव्यावर, मग झेनॉनच्या आणि शेवटी डिजिटलवर. ताई, तुमच्या दालनात १२० खुर्च्या बसणार नाहीत. हे आधीच सांगतो, कारण त्या आकड्यावर पैशांचे गणित मांडले तर पुढे मंडळात तुमचा शब्द खोटा पडेल.

आतल्या खोलीची रुंदी ८.३ मीटर उरते. तिच्यात ७.२ मीटर रुंदीचा पडदा लागेल. स्कोप, म्हणजे सर्वांत रुंद चौकटीच्या, चित्रपटाचे रुंदी-उंचीचे गुणोत्तर २.३९ असते, म्हणून उंची ३ मीटर होईल, आणि १.८५ गुणोत्तराचा चित्रपट त्याच उंचीत साडेपाच मीटर रुंद दिसेल. शेवटच्या ओळीतल्या माणसाला पडदा निदान ३० अंशांत दिसला पाहिजे, नाहीतर घरच्या मोठ्या टीव्हीसमोर बसल्यासारखे वाटते. त्या हिशेबाने शेवटची ओळ पडद्यापासून १३.४ मीटरच्या आत हवी. पहिली ओळ ४.३ मीटरच्या अलीकडे आणली तर मान मोडते. दर ओळीला १.१ मीटर धरले की नऊ ओळी होतात. दोन्ही कडांना १.२ मीटरची वाट सोडली की एका ओळीत दहा खुर्च्या, म्हणजे एकूण ९०, आणि त्यातूनही चाकाच्या खुर्च्यांसाठी जागा सोडायची आहे. दर ओळ १५ सेंटिमीटरने चढवली तर शेवटची ओळ चार फूट वर जाते. हा उतार शहाबादीवर हलक्या पोलादी मांडणीने उभारता येतो, त्यासाठी फरशी खोदावी लागत नाही.

कडेच्या वाटा कमी करून दोन-चार खुर्च्या वाढवण्याचा मोह कोणीतरी नक्कीच दाखवेल. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली. तिथे बाल्कनीत जादा खुर्च्या घालून उजवीकडची वाट बंद केली होती आणि धुराने दालन भरल्यावर लोकांना दारे सापडली नाहीत. ज्या काळी आम्ही बूथमध्ये काम करत होतो त्या काळी ही बातमी आमच्यासाठी नुसती बातमी नव्हती. तुमच्या वास्तूवर तर सागाचे छप्पर आहे. बाहेर उघडणारी दोन स्वतंत्र दारे, वीज गेल्यावर आपोआप लागणारे दिवे आणि छतावरच्या पोकळीत धूर ओळखणारी यंत्रणा याशिवाय एकही खेळ लावू नका. त्या पोकळीतून विजेची एकही तार नेऊ नका. आणि कंत्राटदाराचा फोम भिंतीवर येऊ देऊ नका, कारण तो पेटला की विषारी धूर देतो. रॉकवूल जळत नाही.

प्रोजेक्टरचा प्रश्न पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपा झाला आहे. झेनॉनच्या दिव्यासाठी स्वतंत्र बूथ आणि गरम हवा बाहेर काढणारी चिमणी लागायची, त्यासाठी भिंतीला भोक पाडावे लागायचे. लेझर प्रोजेक्टरला ते लागत नाही. मागच्या भिंतीशी काचेची एक बंद पेटी पुरते. पडद्यावर ४८ कँडेला प्रति चौरस मीटर एवढा उजेड पडला पाहिजे, हे डिजिटल सिनेमाचे मानक आहे. तुमच्या २१-२२ चौरस मीटरच्या पडद्याला ६,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरेल. मात्र तो डीसीआय (डिजिटल सिनेमाचे मानक ठरवणारी संस्था) प्रमाणित घ्या, साधा ऑफिसचा घेऊ नका. नवे चित्रपट डीसीपी नावाच्या कुलूपबंद डिजिटल संचाच्या रूपात येतात आणि त्यांची किल्ली प्रमाणित यंत्रावरच चालते.

परवान्यासाठी चित्रपटगृहांच्या नियमनाचा १९५३ चा राज्य कायदा आणि त्याखालचे १९६६ चे नियम वाचून घ्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक शाखेत आधी चौकशी करा. अग्निशमनासाठी २००६ चा कायदा आहे. इमारत महापालिकेच्या वारसा यादीत आहे की नाही हे पाहा, कारण त्यावर पुढची परवानगी अवलंबून राहील. आणि मंडळ स्वतः न चालवता कोणाला चालवायला देणार असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. तीन वर्षांच्या कराराने एवढा खर्च कोणी करणार नाही, म्हणून हे काम आधी करा.

घंटाळी

वरच्या दोन्ही प्रतिसादांतील ज्ञानाबद्दल मला आदर आहे, तरीही मूळ प्रश्नाला त्यांनी बगल दिली असे वाटते. मासुंदा यांना ते दालन वाचवायचे आहे. आत त्या वेगळ्या खोलीची पेटी घातल्यावर प्रेक्षकाला सागवानी कैच्या दिसणार नाहीत, खिडक्या दिसणार नाहीत, चुन्याच्या भिंतीचा थंडावाही लागणार नाही. त्याला जे दिसेल ते कोणत्याही मॉलमधल्या काळ्या खोलीसारखेच असेल. मग वाचले काय? जुन्या वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचे पाचवे कलम सांगते की वास्तूचा समाजोपयोगी वापर व्हावा हे इष्टच आहे, परंतु त्या वापरासाठी तिची मांडणी किंवा तिची सजावट बदलू नये.

मुंबईची उदाहरणे पाहा. १९३८ सालचे इरॉस २०२४ मध्ये पुन्हा उघडले. तिथे हजाराहून अधिक आसने होती, आता सुमारे ३०० आसनांचा आयमॅक्स पडदा आहे. दर्शनी भाग उभा राहिला याचा मला आनंद आहे, पण मी ज्या दालनात वडिलांचे बोट धरून बसलो ते दालन आता नाही. उलट १९११ साली उद्घाटन झालेले रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडले, ते त्याच सज्जांसह आणि त्याच घुमटासह. पेडर रोडवरचा गुलशन महाल हे तिसरे उदाहरण. २०१९ मध्ये तिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उघडले, तेव्हा जुन्या बंगल्यात प्रदर्शन मांडले आणि प्रेक्षागृहांसारख्या गरजा शेजारच्या नव्या इमारतीकडे सोपवल्या. बंगल्यावर त्याला न पेलणारे काम लादले नाही.

माझी सूचना अशी की पेटी करूच नये. कैच्यांच्या मधल्या भागात, कौलांच्या खाली, जड फळ्यांचा एक थर द्यावा, भिंतींसमोर जाड लोकरीचे पडदे सोडावेत आणि खुर्च्या हलवता येतील अशा ठेवाव्यात. सकाळी खिडक्या उघडून वाचनकट्टा, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी पडदे ओढून चित्रपट. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे आणि गडकरी रंगायतन १९७८ पासून. या शहराला बसून ऐकण्याची आणि पाहण्याची सवय आहे. तिला साजेल अशी ही जागा होईल.

चुनेगच्ची

घंटाळी यांचा आक्षेप मनाला लागला आणि तो योग्यही आहे. मी वास्तूला इजा होणार नाही एवढेच पाहिले, ती दिसली पाहिजे हे पाहिले नाही.

तरीही फळ्यांच्या थराचा हिशेब मांडतो. छपराच्या दोन्ही उतरत्या बाजू मिळून सुमारे २०० चौरस मीटर होतात. पावसाचा आवाज दबवील असा थर दर चौरस मीटरला निदान २० किलोचा असावा लागेल, म्हणजे शंभर वर्षांच्या कैच्यांवर चार टन नवे वजन. कैच्या निरोगी असतील तर त्या ते पेलतीलही, पण तपासणीआधी मी हो म्हणणार नाही. लोकरीचे पडदे वरच्या पट्टीतला आवाज चांगला शोषतात, खर्जाचा नाही. आजच्या चित्रपटातला खर्ज खिडक्यांतून थेट शेजारच्या घरांत जाईल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहानंतर मर्यादा ४५ डेसिबल आहे. रात्रीचा खेळ तिथेच अडकेल आणि ज्या शेजाऱ्यांच्या सदिच्छेवर हे सगळे उभे राहायचे आहे तेच तक्रार घेऊन येतील.

म्हणून मी माझाच आराखडा बदलतो. दालन सहा खणांचे आहे. पेटी पाच खणांची करू आणि पडवीकडचा पहिला खण पूर्ण मोकळा सोडू. त्याला खाली शहाबादी, दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या खिडक्या आणि वर आढ्यापर्यंत उघडी कौले असतील. पहिली कैची डोक्यावर संपूर्ण दिसेल. पेटीची त्या बाजूची भिंत १५ फुटांवर थांबेल, त्यामुळे मोकळ्या खणात उभ्या राहणाऱ्याला छप्पर पेटीच्या माथ्यावरून पुढे जाताना दिसेल. तिथे तिकिटे, चहा, पुस्तकांचे कपाट आणि बसायला बाके ठेवता येतील. आतली खोली तीन मीटरने लहान होईल, नऊऐवजी सात ओळी बसतील आणि ७० खुर्च्या होतील. घंटाळी यांची सकाळची वाचनाची कल्पना या खणात पुरेपूर बसते.

मासुंदा

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात त्याबद्दल मनापासून आभार. दोन दिवस मी हे सगळे पुन्हा पुन्हा वाचले. ७० हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा निराशा झाली, कारण मंडळातल्या ज्येष्ठांना मी १२० सांगून बसले आहे. मात्र काल संध्याकाळी कुलूप उघडून मी पहिल्या खणात उभी राहिले. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आले होते आणि त्याच्या उजेडात कैचीचा मधला खांब दिसत होता. ते झाकायचे नाही, एवढे माझे नक्की झाले.

मी प्रस्ताव ७० खुर्च्यांचाच मांडणार आहे. नव्या चित्रपटांबरोबर आठवड्यातले दोन दिवस सभासदांसाठी ठेवावेत असा विचार आहे. प्रभात चित्र मंडळासारख्या चित्रपट-रसिकांच्या संस्थेने १९६८ पासून मुंबईत प्रेक्षक घडवला, तशी चळवळ आपल्या शहरातही या जागेच्या आधाराने उभी राहू शकेल. पार्किंग नाही, ही उणीव आहे. स्थानकापासून चालत येता येते, हे मी त्यापुढे ठेवणार आहे. बैठकीत सगळ्यात आधी मात्र मी कैच्यांच्या तपासणीसाठी आणि या पावसाळ्याआधी कौले शाकारून घेण्यासाठी पैसे मागणार आहे, कारण पुढे काहीही ठरले तरी ते काम लागणारच आहे.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मंडळातल्या पाच जणांना दालनात बोलावले आहे. त्यांना नकाशा समजत नाही, म्हणून पडदा, ओळी आणि वाटा फरशीवर खडूने आखून दाखवायच्या आहेत. मापे कुठून धरावीत?

मागची_ओळ

पडवीसमोरच्या टोकाच्या भिंतीपासून दीड मीटर सोडा आणि तिथे पडद्याची रेघ मारा. मागे स्पीकर बसतात, म्हणून ती जागा लागते. त्या रेघेपासून ४.३ मीटरवर पहिली ओळ आणि पुढे दर १.१ मीटरवर एक, अशा सात. ज्येष्ठांना शेवटच्या ओळीच्या जागी खरोखरच्या खुर्च्या टाकून बसवा आणि पडद्याच्या जागी तीन मीटर उंचीवर एक पांढरी चादर बांधा. कापड ७.२ मीटर भरले पाहिजे, तेवढ्या चादरी जोडून शिवून घ्या. मी खोपटलाच राहतो. साडेआठला मोजपट्टी घेऊन येतो.

घंटाळी

मीही येतो. पहिल्या खणातल्या दोन्ही खिडक्या आदल्या दिवशीच उघडून पाहा. सहा वर्षांत बिजागऱ्या धरल्या असतील, तर तेल घेऊन येईन.